वाटेवरच्या मजूर टोळीची आरोग्य पाहणी कशी करायची? विदर्भात नव्यानं कामाला लागलेल्यांसाठी

दिवाळी झाली की मेळघाटातून आणि पलीकडच्या बैतूल, छिंदवाड्याकडून वेचणीच्या टोळ्या अमरावती, अकोला, यवतमाळ, वर्ध्याच्या कपाशीत उतरतात. पुढं गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात खम्मम, वरंगलकडे निघतात. वीटभट्ट्यांवर छत्तीसगडची बिऱ्हाडं येतात, मे महिन्यात जंगलात तेंदूच्या फळ्या (तेंदूपानं गोळा करायची ठिकाणं) लागतात. या माणसांना नेमकं कोणी बघायचं, हे कागदावर लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात ठरलेलं नसतं. गावाकडच्या रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढं ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि जिथं ती उतरली तिथल्या रजिस्टरमध्ये त्यांचं नावच नसतं.

तुम्ही नवीन समुदाय आरोग्य अधिकारी असाल, आरोग्यसेविका असाल, एखाद्या संस्थेत नुकतेच लागला असाल किंवा ग्रामपंचायतीत निवडून आला असाल, तर कधीतरी ‘त्या शिवारात टोळी उतरली आहे, जरा बघून या’ असा निरोप येणारच. मी हे काम बरीच वर्षं करतो आहे. सुरुवातीला जो गोंधळ उडतो तो टळावा म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. घरोघरच्या सर्वेक्षणात आपण ‘कोण आजारी आहे?’ असं विचारतो. वाटेवरच्या माणसांसाठी त्याच्याही आधीचा प्रश्न आहे: ही गाडी इथून हलली की कोणाचं काय तुटणार आहे? कोणाच्या क्षयाच्या गोळ्या, कोणाच्या बाळाची लस, कोणाची बाळंतपणाची सोय. पाहणी याच प्रश्नाभोवती बांधायची.

१. हंगाम आणि वाटा आधी समजून घ्या

तुमच्या भागात कोण, कधी, कशासाठी येतं याचं एका पानाचं वेळापत्रक करा. सोयाबीनची सोंगणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, कापूस वेचणी दिवाळीपासून, वरुड-मोर्शीकडे संत्र्याची तोड, मग हरभरा आणि गहू, मग भट्ट्या आणि तेंदू. भंडारा-गोंदियाकडे असाल तर पावसाळ्यातली धानाची रोवणी त्यात घाला.

वाटाही ठरलेल्या असतात. नागपूरहून हिंगणघाट, पांढरकवड्यावरून आदिलाबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४, भंडारा-साकोली-देवरीवरून छत्तीसगडकडे जाणारा महामार्ग ५३, आणि रेल्वेची बल्लारशाह, वर्धा, बडनेरा, गोंदिया ही स्थानकं. २०२० च्या टाळेबंदीत हेच रस्ते पायी चालणाऱ्या मजुरांनी भरून गेले होते आणि मिरची तोडायला गेलेली आपली माणसं तेलंगणात अडकली होती. तेव्हा ज्या गावांना ही वाहतूक आधीपासून माहीत होती, त्यांना मदत लवकर उभी करता आली.

माहिती कुठून काढायची? पोलीस पाटील आणि सरपंच यांना विचाराच, पण सगळ्यात पक्की खबर किराणा दुकानदाराकडे मिळते. टोळीचं आठवड्याचं तेल-मीठ, पीठ त्याच्याकडून उधारीवर जातं. माणसं किती, लेकरं किती, हे त्याच्या वहीवरून बरंच कळतं. पिकअपवाले आणि कृषी केंद्रवाले हे त्यानंतरचे.

परतीची वेळही लिहून ठेवा. मेळघाटातला कोरकू आदिवासी माणूस होळीला घरी पोचतोच. होळीच्या आधीच्या आठवड्यात मेळघाटाकडे जाणाऱ्या गाड्या भरतात, आणि तुमच्याकडे चालू झालेला कोणताही उपचार तिकडे सोपवायचा असेल तर तो त्याच्या आधीच सोपवावा लागतो.

२. मुकादम आणि वेळ

टोळीपर्यंतचा रस्ता मुकादमावरून जातो. त्याला वगळून थेट पालावर गेलात तर माणसं गप्प बसतात, कारण त्यांनी त्याच्याकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते. पण त्याच्या समोरच सगळी विचारपूस केलीत तरी माणसं गप्पच बसतात. म्हणून आधी त्याला भेटा, कशासाठी आलो ते सांगा, शेतमालकालाही कळवा. मग ‘भाऊ, बायांशी आमच्या ताई बोलतील, तुम्ही तोवर मला पाण्याची जागा दाखवा’ असं म्हणून त्याला प्रेमानं बाजूला घ्या.

पहिल्याच वाक्यात स्पष्ट करा की तुम्ही पोलीस, वनखातं किंवा कामगार खात्याचे नाही आणि तुमच्या कागदामुळं कोणाचं काम जाणार नाही.

वेचणीची मजुरी किलोवर असते. दुपारी बारा वाजता बाईला तासभर बसवून ठेवलं तर तिचे तेवढे पैसे बुडाले. संध्याकाळी कापूस मोजून झाल्यावर, चुली पेटायच्या वेळी जा. नाहीतर बाजाराच्या दिवशी गाठा. त्या दिवशी चुकारा होतो, म्हणजे मजुरीचे पैसे मिळतात, सगळे आठवडी बाजारात येतात आणि आजारी माणूस बहुतेक वेळा त्याच दिवशी सुई टोचून घ्यायला कोणा बिनपदवीच्या डॉक्टरकडे जातो. त्याच्या आधी तुम्ही भेटलात तर बरं.

बसस्टँडवर किंवा स्टेशनवर गाठ पडली तर वेळ आणखी कमी. तिथं खालच्या टप्प्यांतले फक्त ५, ६ आणि ८ करा.

३. पिशवीत काय हवं

कागद:
- प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचं पत्र किंवा तुमचं ओळखपत्र
- प्रत्येक बिऱ्हाडासाठी एक ओळ अशी आखलेली वही (छापील लांबलचक फॉर्म नको)
- कोरी माता-बाल संरक्षण कार्डं
- जाड कागदाच्या चिठ्ठ्या आणि झिपच्या प्लास्टिक पिशव्या
- जवळचं उपकेंद्र, ग्रामीण रुग्णालय, अंगणवाडी यांचे नंबर. १०८ आणि १०२ तर पाठच असावेत

साधनं: दंडघेर मोजायची पट्टी, थर्मामीटर, बीपी मशीन, हिमोग्लोबिन तपासायचं साधन, मलेरियाचे झटपट तपासणी किट, ओआरएस, झिंकच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, लोहाच्या गोळ्या, मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध), पाण्यातलं क्लोरीन पाहायला ओटी टेस्टची बाटली, टॉर्च. रक्त तपासणी करणारा माणूस प्रशिक्षितच हवा. तो नसेल तर किट घरीच ठेवा आणि ताप असलेल्यांना केंद्रात न्या.

सोबत एक बाई असलीच पाहिजे. कोरकू, गोंडी किंवा छत्तीसगडी बोलणारं कोणी मिळालं तर फार चांगलं. मुलांना दुभाषी करू नका. पाळी, गर्भपात, मारहाण असल्या गोष्टी आई मुलाच्या तोंडून सांगत नाही.

४. माणसांच्या आधी जागा पाहा

पालांभोवती एक फेरी मारा. यात जे दिसतं ते शंभर प्रश्न विचारूनही कळत नाही.

पाणी कुठून येतं आणि कशात साठवलंय, हे सर्वांत आधी. कपाशीच्या शिवारात एक दृश्य तुम्हाला हमखास दिसेल: मेढीला टेकवलेली पाच लिटरची पांढरी कॅन, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलेलं, पाणी थंड राहावं म्हणून. गोणपाट सरकवून बघा. खाली अर्धवट खरवडलेलं लेबल आणि त्यावर लाल किंवा पिवळा त्रिकोण असेल, तर ती कीटकनाशकाची कॅन आहे. कितीही धुतली तरी ती पिण्याच्या पाण्याला चालत नाही. नुसतं ‘फेकून द्या’ म्हणून उपयोग नाही, कारण दुसरं भांडं असतं तर त्यांनी ही उचललीच नसती. शेतमालकाकडून दोन झाकणाचे ड्रम त्याच दिवशी मागून घ्या.

हिशेब सोपा आहे. आपत्तीतल्या छावण्यांसाठी जगभर माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरतात. चाळीस माणसांची टोळी असेल तर ६०० लिटर, म्हणजे २०० लिटरचे तीन ड्रम. हा आकडा लिहून ग्रामपंचायतीला दिला की ‘पाण्याची सोय करा’ या मोघम मागणीपेक्षा तो लवकर मनावर घेतला जातो. पाण्यात टाकायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ग्रामपंचायतीकडे असतेच. टोळीची विहीर त्या यादीत घालून घ्या. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात असाल तर पाण्याची चव विचारा. डोंगरातून आलेल्या माणसाला ते खारट पाणी जात नाही, तो दिवसभर कमी पितो आणि मग लघवीची जळजळ, चक्कर सुरू होते.

बाकी पटकन पाहायचं: संडासला कुठं जातात आणि बायांना अंधाराची वाट बघावी लागते का, जमिनीवर झोपतात की खाटेवर, चूल पालाच्या आत आहे का, फवारणीचं सामान झोपण्याच्या जागेत आहे का, आणि १०८ ची गाडी कुठपर्यंत येऊ शकते. शेवटच्या मुद्द्यासाठी वाटेवरची खूण लिहून ठेवा. रात्री फोनवर ‘अमक्याच्या वावरात’ एवढ्यावर गाडी सापडत नाही.

५. ज्यांना थांबवता येत नाही ते आधी

वही उघडण्याआधी मोठ्यानं विचारा: कोणी अंथरुणाला खिळलंय का? कोणी बाळंतीण, दिवस भरलेली, तान्हं बाळ आहे का? मग स्वतः पालात डोकावून बघा, कारण खरा आजारी माणूस बाहेर येऊन बसत नाही.

ताबडतोब दवाखान्यात हलवायचे:
- अंगावर न पिणारं किंवा थंड पडलेलं तान्हं बाळ
- भराभर श्वास घेणारं मूल (दोन महिन्यांखालचं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते १२ महिने ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त), छाती आत ओढली जात असेल तर मोजत बसू नका
- झटके, बेशुद्धी, असंबद्ध बोलणं
- गरोदर बाईला रक्तस्राव, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढं अंधारी, चेहऱ्यावर सूज, किंवा बीपी १४०/९० च्या वर
- हिमोग्लोबिन ७ च्या खाली
- ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली
- साप चावल्याचा संशय

सापाबद्दल थोडं जास्त लिहितो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याची जागा दुखत नाही, सुजत नाही. पहाटे पोटात दुखतं, घसा धरतो, पापण्या जड होतात. घरचे अपचन समजतात. टोळीतल्या कोणी पहाटे अशी तक्रार केली तर सर्पदंश धरूनच चाला आणि निघण्याआधी फोन करून विचारा की प्रतिविष आणि श्वासाची सोय कुठल्या रुग्णालयात आहे.

६. बिऱ्हाडागणिक सहा प्रश्न

मोठी प्रश्नावली नको. प्रत्येक चुलीशी बसून एवढंच विचारा:

१) मूळ गाव कोणतं, तालुका कोणता, तिथल्या आशाताईचं नाव किंवा नंबर माहीत आहे का?
२) इथून कधी निघणार, पुढं कुठं? (मुकादमालाही वेगळं विचारा. दोन उत्तरं वेगळी आली तर लवकरची तारीख धरा.)
३) कोणी रोज गोळी घेतं का? किती दिवसांची उरली आहे? गोळ्यांचं पाकीट दाखवता का?
४) गरोदर कोण? तारीख कोणती दिली आहे? तेव्हा तुम्ही कुठं असाल?
५) पाच वर्षांखालची मुलं किती, शेवटची लस कधी?
६) गेल्या दोन आठवड्यांत ताप, खोकला, हगवण कोणाला?

चौथ्या प्रश्नाचा शेवटचा भाग बहुतेक नवीन माणसं विसरतात, आणि माझ्या मते सबंध पाहणीतला सर्वांत मोलाचा प्रश्न तोच आहे. कुठल्या महिन्यात बाळंतपण होणार हे माहीत असतं, कुठल्या गावात होणार हे कोणी विचारलेलंच नसतं. उत्तर ‘तेव्हा भट्टीवर असू’ असं आलं, तर त्या भट्टीजवळचं केंद्र शोधून तिकडच्या आरोग्यसेविकेला आजच फोन करायचा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, रक्त, नेणं-आणणं हे सगळं मोफत आहे आणि बाई कुठल्या जिल्ह्याची, कुठल्या राज्याची हे त्याच्या आड येत नाही. हे तिला आणि तिच्या नवऱ्याला दोघांनाही सांगा.

कार्डाचं काय? ‘कार्ड गावी पेटीत आहे’ हे उत्तर वारंवार येतं. तेव्हा मोबाईलवर फोटो आहे का ते विचारा, गावी फोन लावून फोटो मागवता येतो का बघा. कार्ड जवळ असलं तरी ते घामानं, पावसानं भिजून पानं एकमेकांना चिकटलेली असतात आणि पेननं लिहिलेली तारीख निळा डाग होऊन बसलेली असते. असं कार्ड ओढून उघडू नका. सावकाश सोडवा, जे वाचता येतं ते नव्या कार्डावर उतरवा आणि जुनंही परत द्या. लसीकरणासाठी कार्ड नसणं ही अडचण नाही. लस कुठल्याही केंद्रावर देता येते, आणि उशीर झाला म्हणून मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. राहिलेले डोस पुढं चालू करायचे.

मुलं आणि गरोदर बाया यांची नावं अंगणवाडीताईंना त्याच दिवशी कळवा. महिला व बालविकास विभागाची स्थलांतराची नोंद ठेवणारी प्रणाली आहे. तिच्यात नाव गेलं तर आहार आणि वजनाची नोंद पुढच्या गावातही चालू राहू शकते.

७. विदर्भात विशेष लक्ष कशावर

मलेरिया. गडचिरोलीतून, बस्तरच्या बाजूनं किंवा मेळघाटातून आलेल्या कुणालाही ताप असला तर तपासणी झाल्याशिवाय सोडायचं नाही. व्हायवॅक्स प्रकारचा मलेरिया निघाला तर क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन १४ दिवस असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा उपचार आहे. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो, टोळी पाचव्या दिवशी हलते, आणि उरलेल्या गोळ्या तशाच राहतात. निघायची तारीख आधी विचारून ठेवली असेल तर पूर्ण गोळ्या सोबत देण्याचा निर्णय डॉक्टरांना घेता येतो. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत, म्हणून एकाच्या गोळ्या दुसऱ्याला द्यायच्या नाहीत हे बजावून सांगा.

सिकलसेल. पूर्व विदर्भात आणि आदिवासी भागात हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी माहीत आहे, पण ‘हातपाय दुखतात’ असं सांगणाऱ्या मजुराला लोक कामचुकार ठरवतात. कमी पाणी, थंडी, अतिश्रम आणि ताप यांनी दुखण्याचा झटका येतो, आणि वेचणीच्या हंगामात या चारही गोष्टी असतात. सिकलसेलचं कार्ड आहे का, फोलिक ॲसिड किंवा हायड्रॉक्सियुरिया चालू आहे का, हे विचारा. पीडित व्यक्ती टोळीत असेल तर तिच्या परवानगीनं मुकादमाला एवढंच सांगा की हिला पाणी प्यायला मध्ये मध्ये थांबू द्या.

क्षयरोग. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची. उपचार चालू असेल तर निक्षय क्रमांक (क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीतला क्रमांक) शोधा. त्या क्रमांकावर उपचार देशात कुठंही वर्ग करता येतात. पोषणासाठीची मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये आहे आणि गाव सोडल्यानं ती बंद होत नाही. बँक खातं बंद पडलंय का तेवढं पाहा.

फवारणी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मळमळ, लाळ गळणं, घाम, अंधुक दिसणं, बाहुल्या बारीक होणं यांपैकी काही दिसलं तर कपडे उतरवा, साबण-पाण्यानं अंग धुवा, १०८ बोलवा आणि औषधाचा डबा किंवा लेबल सोबत द्या. डॉक्टरांना त्यावरूनच उपचार ठरवायला सोपं जातं.

ऊन. भट्टी आणि तेंदूच्या दिवसांत चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूरकडे पारा ४५ च्या वर जातो. अंग तापलेलं आणि बोलणं भरकटलेलं असा माणूस दिसला तर पाणी पाजत बसू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि हलवा.

खर्ऱ्याचंही (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचं) विचारा, विशेषतः गरोदर बायांना. रागवून विचारलं तर ‘नाही’ हेच उत्तर मिळतं.

एचआयव्हीच्या गोळ्यांबद्दल थेट विचारू नका. ‘रोजची गोळी’ या प्रश्नात ते आपोआप येतं. कोणी एकट्यात सांगितलं तर एआरटी केंद्राला (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्राला) फोन करून पुढच्या केंद्राकडे वर्ग करण्याची व्यवस्था करा, पण चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहू नका. मारहाण किंवा छेडछाड सांगणाऱ्या बाईला १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आणि तुमचा स्वतःचा नंबर द्या, आणि पुढचं पाऊल तिच्या मर्जीनंच उचला.

८. चिठ्ठी आणि फोन

ज्या कोणाचं काही चालू आहे त्याच्या हातात एक चिठ्ठी गेली पाहिजे. तिच्यावर नाव, वय, मूळ गाव, काय दिलं, किती दिवसांचं दिलं, पुढं कधी आणि कुठं दाखवायचं, तुमचा नंबर. देवनागरीत ठळक लिहा. मजूर तेलंगणात जाणार असेल तर औषधांची नावं इंग्रजी अक्षरांतही लिहा, तिथल्या डॉक्टरला मराठी वाचता येईलच असं नाही. प्लास्टिक पिशवीत घालून द्या आणि माणसाच्याच मोबाईलवर तिचा फोटो काढून ठेवा.

चिठ्ठी मुकादमाकडे एकगठ्ठा देऊ नका. कोणाला काय आजार आहे हे त्याला कळलं तर पुढच्या हंगामात त्या माणसाचं काम जाऊ शकतं. आधार कार्डांचे फोटोही जमवत बसू नका. आयुष्मान कार्ड असेल तर ते योजनेतल्या दुसऱ्या राज्यांतल्या रुग्णालयांतही चालतं, एवढं सांगून ते जपून ठेवायला सांगा.

९. एका पानाचा अहवाल, त्याच रात्री

दुसऱ्या दिवसावर टाकलंत तर टोळी हललेली असते. वर ठिकाण, तारीख, माणसं किती, मुलं किती, गरोदर किती, निघण्याचा अंदाज. मग तीन भाग: आज काय केलं, तीन दिवसांत काय व्हायला हवं, गाडी हलण्याआधी काय सोपवायचं. प्रत्येक ओळीसमोर ते कोण करणार त्याचं पद लिहा. पाण्याचा भाग ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला), आजाऱ्यांचा वैद्यकीय अधिकाऱ्यांना, मुलांचा अंगणवाडी पर्यवेक्षिकेला. नावांची यादी फक्त आरोग्य केंद्रात ठेवा. ग्रामपंचायतीला आकडे पुरेत.

अहवालात ‘जनजागृतीची गरज आहे’ असलं वाक्य लिहिण्याचा मोह होतो. ते वाचून कोणीच काही करत नाही. ‘दोन मुलांना गोवर-रुबेलाचा पहिला डोस बाकी, टोळी रविवारी निघणार, शुक्रवारी पालावर सत्र घ्यावं’ असं लिहा.

निघाल्यावर आठवड्याभरात मुकादमाला फोन करून टोळी कुठं उतरली ते विचारा. नंबर लागला नाही तर मूळ गावच्या आशाताईंना लावा. त्यांच्याकडे टोळीतल्या कोणा ना कोणाचा चालू नंबर असतो. नवं ठिकाण कळलं की तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर काढून गरोदर बाया, क्षयरुग्ण आणि डोस राहिलेली मुलं एवढ्यांची यादी फोनवर वाचून दाखवा, आणि ती कोणी लिहून घेतली त्याचं नाव तुमच्या वहीत टिपून ठेवा.